ठासणीच्या नळीला चोक : छर्रे आणि गोळी, दोन्ही एकाच बंदुकीतून

पांझराकाठ

शहादा-तळोद्यापासून चोपडा, यावल, रावेरपर्यंत सातपुड्याच्या पायथ्याला पीक संरक्षणाच्या परवान्यावरच्या ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू-छर्रे भरायच्या, बंदुका अजून काही घरांत आहेत. जुन्या शस्त्रांचा माझा अभ्यास माहीत असलेली मंडळी मला एकच प्रश्न वारंवार विचारतात. बंदूक फार फाकते, तोंड आवळून घेतलं तर छर्रे लांबवर एकत्र जातील का? आणि तसं केल्यावर तिच्यातून एकेरी गोळी चालेल का? प्रश्न रास्त आहे. उत्तर दोन ओळींत देण्यासारखं नाही, म्हणून धागा काढतोय.

कायद्याचं आधी सांगतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. त्याच कायद्याच्या कलम ५ नुसार शस्त्राची दुरुस्ती किंवा त्यात फेरफार करायचा तो त्यासाठीचा परवाना असलेल्या कारागिरानेच. गावातल्या लेथवर नळी चढवणं गुन्ह्यात मोडतं. शिकार तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ९ ने बंदच आहे. पिकात घुसणाऱ्या जनावराबाबतसुद्धा कलम ११ खाली वनखात्याची लेखी परवानगी लागते. हे सगळं गृहीत धरून पुढचं वाचा.

आता नळीकडे वळू. गुळगुळीत नळीचं माप बोअरमध्ये सांगतात. एक पौंड शिशाच्या सारख्या वजनाच्या १२ गोळ्या ओतल्या तर त्यातली एक जिच्यात बसेल ती १२ बोअर. तिचा आतला व्यास १८.५ मिमी. १६ बोअरचा १६.८ आणि २० बोअरचा १५.६. आपल्याकडच्या जुन्या ठासणीच्या नळ्या या मापांत नेमक्या बसतीलच असं नाही. हातानं केलेल्या नळीचं माप ती बनवणाऱ्या लोहाराच्या हाताचं असतं.

चोक म्हणजे तोंडाजवळ नळी किंचित अरुंद करणं. १२ बोअरला फुल चोक म्हणजे जेमतेम १ मिमीचा फरक, आणि मॉडिफाइड म्हणजे अर्धा मिमी. एवढ्याशा फरकाने काय होतं ते कागदावर दिसतं. ४० यार्डांवर, म्हणजे साडेछत्तीस मीटरवर मोठा कागद लावायचा, एक बार काढायचा आणि छर्रे सर्वांत दाट पडलेत तिथे ३० इंच व्यासाचं वर्तुळ काढून आतली भोकं मोजायची. चोक नसलेली सरळ नळी ४० टक्क्यांच्या आसपास छर्रे वर्तुळात ठेवते. मॉडिफाइड ६० आणि फुल ७०. तोंडातून निसटताना कडेच्या छर्र्यांना आतल्या बाजूला ढकल बसते, म्हणून थवा उशिरा फाकतो. शिवाय मागून येणारा डाट, म्हणजे दारू आणि छर्रे यांच्यामधला बोळा किंवा चकती, त्या अरुंद जागेत जरा अडखळतो आणि छर्र्यांच्या पाठीत घुसत नाही.

ही युक्ती कुणाची, यावर जुनं भांडण आहे. इंग्लंडात न्यूकॅसलच्या विल्यम पेपने १८६६ मध्ये पेटंट घेतलं. अमेरिकेत सिल्व्हेस्टर रोपरने १८६८ मध्ये तोंडावर चढवायच्या चोकचं पेटंट घेतलं. इलिनॉयमधल्या फ्रेड किंबल या बदकांच्या शिकाऱ्याचा दावा होता की त्याच सुमारास त्याने स्वतःच्या ठासणीच्या बंदुकीवर ही युक्ती शोधली. मात्र तिला कारखान्याच्या शिस्तीत बसवून जगभर नेलं ते बर्मिंगहॅमच्या डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनरने. १८७५ च्या लंडनमधल्या चाचण्यांत त्याच्या चोकच्या बंदुकांनी सरळ नळ्यांना मागे टाकलं आणि वाद मिटला.

तोवर मागून काडतूस भरायच्या बंदुका आल्या होत्या. मागून भरताना तोंड कितीही आवळा, काही अडत नाही. ठासणीच्या नळीत मात्र दारू, डाट, छर्रे, वरची चकती, सगळंच तोंडातून आत जातं. तोंडच १ मिमीने आवळलं तर जी चकती तिथून जाईल ती खाली नळीत सैल पडेल. सैल चकतीच्या कडेने वायू पुढे निसटतो आणि छर्र्यांचा थवा आतूनच विस्कटतो. म्हणजे चोक घेतला आणि डाट गमावला. ठासणीच्या बंदुकीला चोकची अडचण आहे ती ही.

यावर काढलेला उपाय म्हणजे तोंड मूळ मापाचंच ठेवायचं आणि तोंडाच्या थोडं मागे, काही इंच लांबीत, नळी आतून किंचित मोठी करायची. सुरईसारखं पोट रुंद, गळा मूळ मापाचा. छर्रे त्या पोटात जरासे पसरतात आणि गळ्यातून निघताना पुन्हा आवळले जातात. अमेरिकेतले ठासणीवाले याला जग चोक म्हणतात आणि तिकडे आजही तो करून देणारे कारागीर आहेत. मूळ मापाची चकती गळ्यातून सहज जाते आणि खाली घट्ट बसते.

माझं मत आत्ताच सांगून टाकतो. आपल्याकडच्या जुन्या नळ्यांत हे करू नये. कारणं चर्चेत येतीलच.

केळीबाग_रावेर

दादा, उत्तम माहिती. आमच्या शेजारच्या मळ्यात अशी एक बंदूक आहे. रानडुकरं मका आणि भुईमूग लोळवतात, केळीचे कोवळे कंद उकरतात. ३० पावलांवरच छर्रे एवढे पसरतात की निम्मे मातीत. चोक केला तर डुकराला लागेल का?

पांझराकाठ

@केळीबाग_रावेर, डुकराला छर्रे लागावेत अशी इच्छाच धरू नका. ६ नंबरचा छर्रा २.६ मिमीचा असतो, औंसात सुमारे २७० बसतात. डुकराच्या कातडीखाली तो अडकून राहतो. जनावर मरत नाही, आठवडाभर सडत फिरतं आणि जखमी डुक्कर पाणी भरणाऱ्या सालदाराच्या अंगावर येतं. चोक करून तेच छर्रे जास्त संख्येने घुसवल्याने यात काही बदलत नाही. बीबी या मापाचा छर्रा ४.१ मिमीचा, तोही पक्ष्यांपुरता. मोठ्या जनावरासाठी एसजी किंवा एलजी ही मोठ्या दाण्यांची मापं असायची. एसजी औंसात आठ, एलजी सहा. एवढे मोठे दाणे चोकमध्ये एकमेकांवर दाबून चेपले जातात, म्हणून मोठ्या दाण्याला फार घट्ट चोक उलट नडतो.

परवान्यावरच्या बंदुकीचा खरा उपयोग आवाजाचा आहे. छर्रे न घालता नुसता बार काढला की कळप पळतो. त्या कामाला चोक असला काय नि नसला काय. नुकसानीचा पंचनामा आणि वनखात्याकडचा अर्ज हे दोन कागद मात्र वेळेत करा.

थाऊमास्तर

भुसावळला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये मशीनवर आयुष्य गेलं. बंदुकीला कधी हात लावला नाही, पण नळी ही शेवटी नळी असते आणि त्यातलं मला कळतं.

पांझराकाठ यांनी नळी आतून किंचित मोठी करायचं म्हटलं. समजा फुल चोकइतकं, १ मिमी. व्यास १ मिमीने वाढला की प्रत्येक बाजूची भिंत अर्ध्या मिमीने कमी होते. आमच्या भाषेत ४० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) व्यासाला म्हणजे २० थाऊ भिंतीला. जुन्या हलक्या नळीची भिंत तोंडाकडे १ मिमीच्या आसपास उरलेली असू शकते. म्हणजे निम्मी भिंत तुम्ही भुगा करून झाडून टाकली.

तीही सगळीकडे सारखी असेल असं धरू नका. हातानं केलेल्या नळीत आतलं भोक आणि बाहेरचा गोल यांचा मध्य एक नसतो. एका बाजूला भिंत जाड, समोरच्या बाजूला पातळ. वरून कॅलिपर लावून हे दिसत नाही. भिंत मोजायला लांब पायांचं मोजयंत्र आत घालून गोल फिरवत वाचन घ्यावं लागतं, तेही दर दोन-तीन इंचांवर. ते न करता रीमर किंवा होन, म्हणजे भोक आतून कापायचं-घासायचं हत्यार, आत घालणारा माणूस डोळे बांधून काम करतोय.

आणि जुनी नळी एकसंध पोलादाची आहे हे कशावरून? लोखंडाची पट्टी गाभ्यावर गुंडाळून, तापवून, घणाने ठोकून सांधलेल्या नळ्या असायच्या. त्या सांध्यांत मळी अडकलेली असते. वरून पॉलिश केलेली नळी आतून कापली की तो सांधा उघडा पडतो. मग त्यात दारूची काजळी साचते आणि गंज तिथून खात जातो.

मी तरी अशी नळी मशीनवर घेणार नाही. कायदा राहू द्या बाजूला, माझा हातच धजणार नाही.

पांझराकाठ

मास्तर, तुम्ही आलात हे फार बरं झालं. याला एक जोड देतो. काळ्या दारूचा दाब सर्वांत जास्त मागे, दारूच्या कोठ्याजवळ असतो आणि तोंडापर्यंत बराच उतरलेला असतो. म्हणून तोंडाची भिंत पातळ चालते, असं म्हणणारे लोक आहेत आणि एरवी ते चूकही नाही. पण तोंडाजवळ जरा जरी अडथळा असला, चिखलाचा गोळा, कुंभारमाशीचं घर, वर सरकलेली चकती, तर दाब तिथेच उसळतो आणि पातळ भिंत फुगते किंवा फाटते. मळ्यातल्या खोलीत खुंटीला टांगलेल्या बंदुकीत कुंभारमाशीचं घर सापडणं आपल्याकडे नवीन नाही.

दुनळी ठासणीच्या बंदुकीत आणखी एक धोका आहे. एका नळीचा बार काढला की धक्क्याने दुसऱ्या नळीतले छर्रे आणि चकती पुढे सरकतात. दारू आणि छर्रे यांच्यात पोकळी पडते. दुसरी नळी उडवण्याआधी गज (ठासायची सळई) घालून तो भार पुन्हा खाली बसवायचा असतो. एकाच नळीतून दोन-तीन बार काढून दुसरी तशीच भरून ठेवायची सवय ज्यांना आहे त्यांनी हे लक्षात घ्यावं.

पाटणादेवी

चाळीसगावहून. इतिहासाकडे वळवतो, चालेल ना?

आमच्या डोंगरातल्या अभयारण्याचं नावच गौताळा-औट्रमघाट. हा औट्रम म्हणजे जेम्स आउट्रम. १८१८ मध्ये खान्देश इंग्रजांच्या हातात गेला, सातपुडा आणि सातमाळ्यातले भिल्ल काही केल्या शरण येईनात. मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळात १८२५ मध्ये आउट्रमने भिल्ल कोअर, म्हणजे भिल्लांची पलटण, उभी केली, तिचं ठाणं धरणगावला. त्याने भिल्लांचा विश्वास मिळवला त्यात त्यांच्याबरोबर केलेल्या वाघांच्या शिकारींचा मोठा वाटा होता. तेव्हा आजच्यासारखं काडतूस नव्हतं, सगळं ठासणीचंच. ज्यांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या तीरकामठा होता त्यांच्या हातात सरकारी बंदूक आली. पुढे १८५७-५८ मध्ये खाज्या नाईक, भीमा नाईक उठले तेव्हा त्याच डोंगरांत अंबापाणीची लढाई झाली.

माझा प्रश्न असा. वाघासारख्या जनावरावर त्या काळी हे लोक छर्रे तर मारत नसणार. गुळगुळीत नळीतून एकेरी गोळी. ती लागायची तरी कशी?

पांझराकाठ

@पाटणादेवी, फार जवळून. अगदी अंगावर येईपर्यंत थांबून.

गुळगुळीत नळीतून गोल गोळी भरकटते का, याचं उत्तर १७४० च्या दशकात बेंजामिन रॉबिन्स या इंग्रजाने प्रयोगाने दिलं. गोळी नळीपेक्षा लहान असते, आतून जाताना ती एका बाजूला घासते आणि तिला कसाही फिरका बसतो. फिरणारी गोळी हवेत त्या फिरक्याच्या बाजूला वळते. त्याने बंदुकीची नळीच तोंडाशी डावीकडे वाकवली आणि गोळी आधी डावीकडे निघून पुढे उजवीकडे वळते हे पडद्यांवर दाखवून दिलं. हा रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य इंजिनियर म्हणून आपल्याकडे आला आणि १७५१ मध्ये कडलूरच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारला. बंदुकीच्या गोळीचं गणित मांडणारा माणूस तमिळ किनाऱ्यावर गेला, हे मला फार विलक्षण वाटतं.

इंग्रज फौजेच्या ब्राउन बेस या ठासणीच्या बंदुकीची नळी पाऊण इंची, म्हणजे १९ मिमीची. गोळी सुमारे १७.५ मिमीची. एवढी सैल गोळी शंभर पावलांवर माणसाएवढ्या निशाणावर लागेलच असं सांगता येत नसे. शिकारी मात्र गोळी कापडाच्या तुकड्यात गुंडाळायचा, चरबी लावून घट्ट ठासायचा. कापड गोळीला मध्यावर धरून ठेवतं, वायू निसटू देत नाही आणि फिरका कमी बसतो. अशी भरलेली चांगली गुळगुळीत नळी ५० पावलांच्या आत कामाची असते. त्यापुढे भरवसा नको.

बोरीकाठ

इथे मला थोडा विरोध नोंदवायचाय. पोट केलेल्या नळीतून, म्हणजे जग चोकमधून, ही कापडातली गोळी जाईल तेव्हा त्या काही इंचांत तिला आधारच नाही. कापड सैल पडणार, वायू कडेने पुढे जाणार, गोळी तिथे डगमगणार. मग गळ्याला घासून बाहेर. नेम गेलाच की. छर्रे सुधारायला जाऊन गोळी बिघडवली, असंच ना?

पांझराकाठ

@बोरीकाठ, भीती अगदी खरी आहे. अमेरिकेत जे लोक अशा नळ्या वापरतात त्यांच्यातही यावर एकमत नाही. काही सांगतात की गोळीच्या नेमात फरक पडत नाही, काहींचा नेम बिघडला. त्यामागे काय असावं याचा माझा अंदाज असा: पोट उथळ आणि दोन्ही टोकांना उतार लांब असेल, कापड जाड असेल, तर कापड फुलून ती जागा भरतं आणि गळ्यात गोळी पुन्हा मध्यावर येते. पोट खोल आणि कडा उभी असेल तर तुम्ही म्हणता तसंच होणार. म्हणजे छर्रे आणि गोळी दोन्ही हवे असतील तर चोक कमी ठेवावा लागतो. आणि चोक कमी ठेवायचा तर नळी कापण्यातून मिळालं ते किती?

तोंड आवळलेल्या नळीत तर प्रश्न याहून गंभीर. १८७५ पासून इंग्लंडच्या प्रूफ हाउसमध्ये, म्हणजे नळ्यांची चाचणी करून ठसा मारतात तिथे, चोक केलेल्या नळ्यांवर 'नॉट फॉर बॉल' असा ठसा मारायचे. १८८७ नंतर त्याजागी 'चोक' असा ठसा आला. जुन्या संस्थानिकांच्या आणि जमीनदारांच्या घरातल्या विलायती बंदुकांवर नळ्यांच्या खालच्या अंगाला, पुढचा लाकडी दस्ता काढल्यावर हा ठसा दिसू शकतो. नळीच्या मापाची घट्ट गोळी घालून अशी नळी उडवली तर गोळी अरुंद जागी अडते आणि नळी तोंडाशी फुगते. चोकमधून गोळी घालायचीच तर ती चोकच्या सर्वांत अरुंद मापापेक्षा लहान हवी, आणि तशी गोळी मागच्या रुंद नळीत खुळखुळते. हा तिढा काही सुटत नाही.

तो खऱ्या अर्थाने सोडवला एका लष्करी अधिकाऱ्याने, जॉर्ज व्हिन्सेंट फॉस्बेरीने. हा बंगालच्या फौजेतला. १८६३ मध्ये वायव्य सरहद्दीवरच्या अंबेला मोहिमेत त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १८८५ मध्ये त्याने पेटंट घेतलं: नळी सगळी गुळगुळीत, फक्त तोंडाजवळच्या काही इंचांत, जिथे चोक असतो तिथेच, रुंद आटे, म्हणजे गोळीला फिरका देणाऱ्या पीळदार खाचा. छर्रे त्यातून जवळपास चोकसारखे एकत्र जातात आणि लांबट गोळीला शेवटच्या क्षणी फिरका मिळतो. हॉलंड अँड हॉलंड या इंग्रज कंपनीने ती पॅराडॉक्स नावाने काढली. हिंदुस्थानातल्या साहेबांनी ती उचलली, कारण सकाळी तित्तर आणि दुपारी अस्वल समोर येणाऱ्या माणसाला दोन बंदुका वाहाव्या लागत नव्हत्या. ती अर्थात काडतुसाची बंदूक. तरी छर्रे आणि गोळी एकाच नळीतून, या प्रश्नाचं इतकं नेटकं उत्तर मला दुसरं दिसलेलं नाही.

तापीखोरं

भो, मन्हा बापनी बंदूक आते मन्हा नाववर शे. ठासनीनीच. निवडणूक उनी की ठाणामा जमा करनी पडस. चोक-बिक काही नही तिले, पन डाट कसा करवा ते सांग ना भाऊ. आम्ही ते चिंध्याच ठोकतस.

पांझराकाठ

@तापीखोरं, भाऊ, खरं मर्म तुम्ही विचारलंत. चोकवर एवढं बोलणं झालं, पण नळी न कापता थवा सुधारायचा तो डाटातूनच.

चिंध्यांचा बोळा प्रत्येक वेळी वेगळा बसतो. एकदा घट्ट, एकदा सैल, एकदा तिरका. म्हणून एक बार बरा जातो आणि पुढचा विखुरतो. त्यापेक्षा नळीच्या मापाच्या, किंचित मोठ्याच, जाड पुठ्ठ्याच्या चकत्या कापून ठेवा. दारूवर जाड पुठ्ठा, त्यावर नमद्याचा डाट, त्यावर छर्रे आणि सगळ्यात वर अगदी पातळ कागदी चकती. वरची चकती जाड झाली तर ती तोंडाबाहेर छर्र्यांच्या वाटेत येते आणि थव्याला मध्ये भोक पडतं. डाट फार जाड आणि जड झाला तरी तेच, तो मागून छर्र्यांत घुसतो. थव्याच्या मधोमध मोकळी जागा दिसली की आधी चकत्यांवर संशय घ्या. चिंधी आणखी एका कारणाने वाईट. ती पेटती बाहेर पडते, आणि मार्च-एप्रिलमध्ये गहू-हरभऱ्याचं काड वाळून कडकडीत झालेलं असतं.

दुसरी गोष्ट दारूची. थवा फाकला की माणसं दारू वाढवतात. उलटं करायचं. जास्त दारूने छर्रे जोरात निघतात आणि तितकेच जोरात फाकतात. दारू थोडी कमी केली की पुष्कळ जुन्या नळ्या चोकशिवायच शहाण्यासारख्या वागू लागतात. मापं मी इथे लिहिणार नाही. प्रत्येक नळी वेगळी, आणि परवान्याच्या कारागिराने बंदूक हातात घेऊन तपासल्याशिवाय माप सांगणं चुकीचं आहे.

आणि हे कृपा करून सगळ्यांनी वाचा. १२ बोअरचं काडतूस फोडून त्यातली दारू ठासणीच्या नळीत घालू नका. ती बिनधुराची दारू असते, काळी नसते. त्याच मापाने भरली तर तिचा दाब काळ्या दारूच्या कितीतरी पट चढतो आणि नळी दारूच्या कोठ्यापाशीच फुटते. तिथेच तुमचा डावा हात असतो आणि तुमचा चेहराही तिथून वीतभर अंतरावर.

अमळनेरची_लेक

हा धागा शोधूनच वाचायला आले. वडील गेल्यावर त्यांची टोपीची (ठासणीचीच, टोपी फुटून बार उडतो ती) बंदूक वारसाने माझ्या नावावर परवान्यासह झाली. चालवायचा विचार नाही, पण ती नीट राहावी असं मनापासून वाटतं. तोंडाकडे बघितलं तर भोक गोल नाही, एका बाजूला घासून लांबट झालंय. हा कुणी केलेला चोक आहे का?

थाऊमास्तर

ताई, तो चोक नाही. चोकला तोंड अरुंद लागतं, तुमचं रुंद झालंय. लोखंडी गज वर्षानुवर्षं एकाच बाजूला टेकून आत-बाहेर केला की तोंडाची कड तिथे झिजते. दारूची काजळी आणि धूळ गजाला चिकटलेली असते, ती कानसाचं काम करते. अशा तोंडातून थवा एका अंगाला जातो.

पांझराकाठ

मास्तरांनी बरोबर ओळखलं. ताई, कुणी ते तोंड कापून सरळ करून देतो म्हणाला तर थांबा. नळी आखूड करणं हा शस्त्र कायद्याच्या कलम ६ चा वेगळा विषय आहे, त्याला वेगळा परवाना लागतो. आणि वडिलांच्या हातच्या वापराची खूण पुसून मिळवायचं काय?

जपण्यासाठी एवढं करा. आधी बंदूक भरलेली नाही याची खात्री. गज आत सोडून तोंडापाशी बोटाने खूण धरा, मग तोच गज नळीच्या बाहेरून लावून बघा. टोक टोपी बसते त्या निपलच्या जवळपास पोचत असेल तर नळी रिकामी. चार बोटं आधीच थांबत असेल तर आत जुना बार आहे. तो स्वतः काढू नका, परवान्याच्या कारागिराकडे न्या. जुन्या घरांत भरून ठेवलेल्या बंदुका निघतात आणि काळी दारू कोरडी राहिली तर कितीही वर्षांनी पेटते.

मग कढत पाणी. काळ्या दारूची राख क्षारांची असते, ती तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळते. आपल्याकडे उन्हाळ्यात हवा कोरडी असते म्हणून गंज दिसत नाही, पण मृगाचा पाऊस पडला की ते क्षार हवेतलं पाणी ओढतात आणि नळी आतून खायला लागते. कढत पाण्याने धुवा, लगेच पूर्ण कोरडी करा, मग तेलाचं बोट. म्यानात किंवा गोणपाटात गुंडाळून ठेवू नका.

अमळनेरची_लेक

गज लावून पाहिला. बाहेरून लावल्यावर निपलच्या बराच अलीकडे थांबतो, चार बोटांहून जास्त.

पांझराकाठ

मग ती भरलेली आहे असंच समजा. आत्ता फक्त निपलवर टोपी नाही एवढं दुरूनच डोळ्यांनी बघा. टोपी असेल तर घोड्याला हात लावू नका. तोंड माणसांकडे नाही, घरातल्या भिंतीपलीकडे कुणी झोपत नाही, अशा जागी ती आडवी ठेवा आणि खोलीला कुलूप लावा. पाणी, तेल, गज काहीही आत घालू नका. उद्या सकाळी ठाण्यात फोन करून सांगा की वारसाने आलेली बंदूक भरलेली निघाली आहे, आणि परवान्याच्या कारागिरापर्यंत ती कशी न्यायची ते त्यांच्याकडूनच विचारून घ्या. जळगाव किंवा धुळ्याला नेताना परवान्याची मूळ प्रत बरोबर असू द्या.

थाऊमास्तर

आणि ताई, कारागिराकडे गेलात की भार निघाल्यावर त्याला नळीची भिंत मोजायला सांगा, तोंडाकडे आणि मध्यावर, चारही बाजूंनी. आकडे कागदावर लिहून घ्या आणि इथे टाका. झिजलेल्या बाजूला किती लोखंड शिल्लक आहे ते मलाही बघायचंय.